मनकर्णाबाईंचा फोन बिघडलाच नव्हता

तो आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता आणि हातातला फोन मात्र कोरडा ठणठणीत. दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून, छातीशी धरून आणलेला. परतीचा पाऊस त्या दुपारी शहरावर नुसता बदाबदा ओतत होता. अशा पावसात कोण मरायला येतंय म्हणून सातमाळा विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या दारात मनस्विनी निवांत चहा पीत उभी होती.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

तो पायरीवरच थबकला. भुवयांवरून पाणी गळत होतं, ते पुसायचंही भान नाही. "परत बोला."

"काय?"

"परत बोला की एकदा. काहीबी बोला."

आता काय म्हणावं या माणसाला! मनस्विनीनं कप खिडकीत ठेवला आणि आवाज चढवला. "अहो, कोण पाहिजे म्हणून विचारतेय. शिपाईमामांना बोलावू का?"

त्यावर तो असा मोकळा हसला की शिपाईमामांचं राहूनच गेलं. "तुम्हीच त्या! 'नमस्कार ताई, आज कपाशीची पानं उलटून बघा.' आमच्या घरी सकाळी सकाळी बोलायच्या त्या तुम्हीच की!"

मनस्विनीचे कान तापले. तिची आई म्हणायची, तुझा आवाज म्हणजे पत्र्यावर गारा. आणि हा परका माणूस त्या गारा ओळखून खुश झाला होता.

"मी इंद्रजीत. सोयगावचा. इथं वाळूजला कंपनीत कामाला असतो," तो रबर सोडवत म्हणाला. "हा आमच्या आईचा फोन. मनकर्णाबाई. तुमच्या फिल्ममधी हाय ना, ती. तर झालंय असं, की तुमचा सकाळचा निरोप यायचा बंद झालाय. आई म्हणती फोन बिघडला. तीनदा बाजारात दाखवून झाला. दुकानदार म्हणला, 'अम्मा, फोन में कुछ नै हय, एकदम मस्त हय.' पण तिचा विश्वास नाय. म्हणली, शहरात ने, ज्यांचा निरोप हाय त्यांनाच दाखव…"

मनस्विनीनं फोन हातात घेतला. साधा बटणांचा फोन, कडा झिजलेल्या, पण पुसून लख्ख केलेला.

"तांत्रिक काम चालू आहे," ती म्हणाली. "दुरुस्तीचं. सोमवारपासून येईल."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण इंद्रजीतचा चेहरा कसा उजळला. "बघा! मी म्हणलोच होतो आईला. एवढी शिकलेली माणसं, अशी मधीच सोडून थोडीच देतील?"

फोन पुन्हा पिशवीत गुंडाळून आणि आपला नंबर तिला देऊन तो तसाच पावसात निघून गेला. मनस्विनी दारात उभीच राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

खरं काय होतं ते सांगते. विद्यापीठात तपासणीची समिती यायची म्हणजे लग्नघर. भिंतींना रंग, दारात रांगोळी, शेजारच्या विभागातून उसने आणलेले संगणक. फुलांच्या कुंड्यासुद्धा नर्सरीतून टेम्पो भरून येतात आणि समिती गेली की त्याच टेम्पोनं परत जातात. त्या वर्षी विभागप्रमुख अभय सर म्हणाले, "मनस्विनी, आंतरराष्ट्रीय विकासात माहिती-तंत्रज्ञान, हा यंदाचा कळीचा मुद्दा आहे. आपल्याकडं काहीतरी चालू दिसलं पाहिजे." मग सोयगावच्या बारा शेतकरी बायका निवडल्या. त्यांच्या फोनवर रोज सकाळी मनस्विनीच्या आवाजात पिकाचा सल्ला जाऊ लागला. आठवड्यानं गावात कॅमेरावाला पाठवून छोटी फिल्म काढली. त्यात मनकर्णाबाई कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "ह्या पोरीचा आवाज ऐकल्याबिगर मला चहा गोड लागत नाय." फिल्मच्या शेवटी आकडा टाकायचा होता. अभय सर म्हणाले, "बारा? बघणाऱ्याला वाटेल छपाईची चूक आहे." मनस्विनीनं स्वतःच्या हातानं बाराच्या पुढं दोन शून्यं टाकली. समिती खुश होऊन गेली. कुंड्या गेल्या, संगणक गेले, निरोपही गेले. सगळेच असं करतात, असं मनाला समजावून ती मोकळी झाली होती.

तिकडं एक बाई रोज सकाळी फोनपाशी बसत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता सोमवारचा शब्द दिलेला. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर चाचणीपुरतं एक खातं अजून जिवंत होतं. त्यातून दिवसाला एकाच नंबरावर एकच निरोप जायचा. बारा बायकांपैकी एक. मनस्विनीनं मनकर्णाबाईंचा नंबर घातला. पण सांगायचं काय? शहरातल्या पुंडलिकनगरात वाढलेली, वडील वकिलांकडं कारकून, कपाशी बघितलेली ती एसटीच्या खिडकीतून. पहिल्या वेळी कृषी खात्याची पत्रकं तरी होती. आता शेतात काय चाललंय हे सांगणारं कुणीतरी हवं होतं, आणि त्या कुणाचा तरी नंबर तिच्याकडं होता.

"आज काय परिस्थिती आहे?" तिनं संध्याकाळी फोनवर विचारलं.

"मी बरा हाय."

"तुमची नाही हो, कपाशीची!"

"तिचं काय, ती मजेत. तिची चौकशी करायला शहरातून फोन येतोय. आमची कोण करतंय?"

अस्सा होता तो. पण मग नीट सांगायचा. आईला फोन करून विचारलेलं सगळं – बोंडं कशी फुटलीत, पाती म्हणतात त्या कळ्या कुठं गळताहेत, ढगाळ हवेनं अळीची धास्ती कशी वाढलीय. मनस्विनी रात्री कृषी महाविद्यालयातल्या मैत्रिणीला विचारून घ्यायची आणि सकाळी गच्चीवर जाऊन निरोप बोलायची. नमस्कार ताई, आज बोंडं फोडून बघा. नमस्कार ताई, आज फवारू नका, पाऊस आहे.

"कुणाला ग रोज गच्चीवर जाऊन नमस्कार घालतेस?" आईनं, अंबिकाबाईंनी, पोळी लाटता लाटता विचारलं.

"विद्यापीठाचं काम आहे."

"अस्सं. फोनवरच्या कामाला वेणीफणी करून जातात होय हल्ली?"

मनस्विनीनं वेणी मागं टाकली आणि डबा उचलून पळ काढला.

इंद्रजीतची खोली तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून निघाली. मग काय, भाजीवाल्यापाशी भेट, चौकातल्या मंदिरापाशी भेट. दोघंही दर वेळी "अरे, तुम्ही इथं?" म्हणायचे. भाजीवाला हसायला लागला तेव्हा कुठं ते म्हणायचं थांबले.

आणि जसजसा तो आवडत गेला, तसतशी मनस्विनी आतून शरमेनं काळीठिक्कर पडत गेली. तो हसला की तिला आनंद व्हायचा आणि लगेच वाटायचं, हे हसू आपण फसवून मिळवलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्यानं "एक विचारू?" म्हटलं की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

एका शनिवारी तो म्हणाला, "भद्रा मारुतीला जातोय खुलताबादला. येता का? गाडीवर जागा हाय… म्हंजी, मागं."

"मागंच बसतात गाडीवर."

"तेच म्हणतोय."

येताना घाटात सीताफळवाल्या बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यानं दोन पिकलेली निवडली, फोडून एक तिच्या हातावर ठेवलं. ऊन कोवळं होतं, डोंगर अजून हिरवा होता. बिया थुंकायची तिला लाज वाटत होती, म्हणून ती मूठ भरून गोळा करत बसली.

"एक विचारू?" इंद्रजीत म्हणाला.

झालं!

"त्या दिवशी मी फोन दाखवायला आलतो ना… विभागाचा नंबर फिल्मवर होता. फोन लावून पण विचारता आलं असतं मला."

"मग?"

"मग काय." तो सीताफळाकडं बघत राहिला. "म्हणलं, आवाज कुणाचा हाय ते बघून तरी येऊ."

मनस्विनीच्या हातातल्या बिया सांडल्या. तो गोळा करायला वाकला, ती पण वाकली, डोकी आपटली. दोघं हसले आणि मग हसायचं थांबले.

"तुम्हाला सांगू का," तो मग हळू म्हणाला, "आमच्याकडं लई लोक येतात. फोटो काढतात, चहा पितात, जातात. परत कुणी येत नाय. तुम्ही एकट्या परत आलात, फोनवरून का होईना. आईला लई कौतुक हाय त्याचं. आणि… मला पण."

आत्ता सांग, मनस्विनी मनात म्हणत होती. आत्ता. तिनं तोंड उघडलं. "इंद्रजीत, मला तुम्हाला…"

"काय?"

त्याचे डोळे इतके निर्धास्त होते. तिच्यानं झालं नाही.

"…रुमाल द्या. हात चिकट झालेत."

आता यातली दुसरी बाजू ऐका. ती फिल्म विद्यापीठाच्या संकेतस्थळावर होती. तिथून ती आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका विद्यापीठानं बघितली. तिथल्या प्राध्यापिका, चिकोंडी बांडा. गोल चेहऱ्याच्या, मोठ्यानं हसणाऱ्या, खेड्यातल्या बायकांसाठी जन्म वेचलेल्या. त्यांना हेच त्यांच्या मका पिकवणाऱ्या बायकांसाठी करायचं होतं. डिसेंबरात दोन विद्यापीठांचा करार ठरला. अभय सर हवेत होते. करार समोरासमोर नाही, पडद्यावरून व्हायचा, आणि त्यात स्वतः मनकर्णाबाई बोलणार होत्या. दुभाषी कोण? अर्थातच मनस्विनी.

पूर्वतयारीच्या कॉलवर चिकोंडीबाई म्हणाल्या, "आमच्या रेडिओवर बायकांचा शेतीचा तास असतो. तो आम्ही आता बंद करतोय. तेच लोक, तोच वेळ या कामाला लावू. बाराशे बायकांपर्यंत तुम्ही पोचलात, मग रेडिओ कशाला हवा?"

मनस्विनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. समितीला फसवलं, ठीक, समितीला ठाऊकच असतं. पण इथं हजारो मैलांवरच्या बायकांचा चालू असलेला रेडिओ बंद पडणार होता, तिच्या दोन शून्यांपायी.

ती तशीच अभय सरांकडं गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

"हे बघ, करार झाला की निधी येईल. निधी आला की आपण खरंच बाराशे करू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तोपर्यंत त्यांचा रेडिओ, सर?"

"त्यांचं ते बघतील. तू उघडलीस मूठ, तर तुझी नोकरी जाईल आणि विभागाची अब्रू. विचार कर."

विचार ती काय करणार! नोकरीची भीती होतीच. पण खरी भीती दोन गल्ल्या पलीकडं राहत होती. सांगितलं तर इंद्रजीत जाणार, नाही सांगितलं तर त्या बायकांचा रेडिओ. कराराच्या आदल्या संध्याकाळी ती ठरवून त्याला भेटायला गेली. तो नव्या लुगड्याची पिशवी हातात घेऊन उभा.

"आईसाठी. आई उद्याची तालीम करायलीय, शेळ्यांसमोर. शेळ्या कंटाळल्यात म्हणं." मग तिच्याकडं बघून, "तुमचा चेहरा का असा? झोप नाय का?"

"नाही… म्हणजे, हो."

"उद्या झालं की शांत झोपा. उद्याचं झालं की मला पण तुमच्याशी एक बोलायचंय."

ती घरी आली आणि जेवली नाही. अंबिकाबाईंनी कपाळाला हात लावून ताप बघितला आणि दिवा मालवला.

सभागृह भरलेलं. पुन्हा टेम्पो भरून कुंड्या. मंचावर अभय सर, मनकर्णाबाई आणि मधे मनस्विनी. मागं मोठ्या पडद्यावर चिकोंडीबाई आणि त्यांचे सहकारी. मनकर्णाबाई लहानखुऱ्या, हिरव्या लुगड्यात, डोक्यावरचा पदर पुन्हापुन्हा सारखा करत बसलेल्या. मनस्विनीला बघून त्यांनी तिचा हातच धरला. "हीच का ती! किती वाळलीस गं बाई. एवढं बोलतीस, जेवत नायस व्हय?"

मागच्या रांगेत इंद्रजीत, इस्त्रीच्या सदऱ्यात.

चिकोंडीबाईंनी इंग्रजीत विचारलं, "ताईंना विचारा, सकाळी निरोप आला की गावातल्या बाकीच्या बायका काय करतात?"

मनस्विनीनं मराठीत विचारलं.

"त्या काय करत्याल बिचाऱ्या?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्यांचे सगळ्यांचे फोन बिघडल्यात. एकट्या माझ्याच फोनवर येतंय. मंग मी जाते घरोघरी आन् सांगून येते. रत्नमाला पार नाल्यापलीकडं ऱ्हाती. तिच्याकडं जायाला टाईम लागतो, गुडघे दुखत्यात. पण तिच्या कपाशीचं नुकसान व्हायला नगं ना."

सभागृहाला वाटलं, बाई कौतुक करतेय. टाळ्या पडल्या. पडद्यावरच्या चिकोंडीबाई वाट बघत होत्या. अभय सर पुढं झुकून कुजबुजले, "म्हण, सगळ्या जणी एकत्र बसून ऐकतात."

किती सोपं होतं! एक वाक्य. इथं कुणाला कळणार नव्हतं, तिथं तर नाहीच. तिला मनकर्णाबाईंचे गुडघे दिसत होते, नाला दिसत होता. पोरी, तुझ्यापायी ही म्हातारी दारोदार फिरतेय, आणि तू अजून शब्द जुळवतेयस?

तिनं जसंच्या तसं भाषांतर केलं. फोन बिघडले, निरोप एकटीच्याच फोनवर येतो, गुडघे, नाला, रत्नमाला – सगळं. पडद्यावरचं हसू थांबलं.

"यापुढचं ताईंचं नाही, माझं आहे," मनस्विनी इंग्रजीत म्हणाली. "बाराशे बायका नाहीत. बारा होत्या, त्याही एका आठवड्यापुरत्या, समितीला दाखवायला. शून्यं मी टाकली. आता फक्त एक फोन चालतो. कृपा करून तुमचा रेडिओ बंद करू नका."

अभय सरांनी डोळे मिटले होते. मनस्विनी मनकर्णाबाईंकडं वळली. इंग्रजीत बोलणं सोपं गेलं होतं. आता खरं अवघड होतं.

"काकू, कुणाचाच फोन बिघडलेला नाही. तुमचा पण नव्हता. मीच निरोप बंद केले होते. आणि इंद्रजीतना खोटं सांगितलं."

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी मी बाजारात उगंच गेले व्हय?"

रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मनस्विनी मेल्याहून मेल्यासारखी झाली.

दाराशी इंद्रजीतनं तिला गाठलं. आईला त्यानं एका हातानं धरलं होतं. चेहऱ्यावर त्याचं ते हसू शोधूनही सापडलं नसतं.

"आईचं मी बघून घेईन. मला माझं सांगा. रोज संध्याकाळी फोन करायचात. पाती कशी, बोंड कसं… ते काय निरोपापुरतंच होतं का? मी तुमचं कपाशीचं पत्रक होतो का?"

नाही, नाही, नाही! मनात ती ओरडत होती. पण जिचं खोटं आत्ता साऱ्या सभागृहानं ऐकलं, तिच्या 'नाही'ला काय किंमत? ती खाली मान घालून उभी राहिली. तो आईला घेऊन निघून गेला.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. नोकरी गेली नाही, पण प्रकल्प गेला. अभय सरांनी तिला परीक्षा विभागात बसवलं, गुणपत्रिका तपासायला. कॅन्टीनमध्ये ती शिरली की बोलणी थांबायची. भाजीवाला विचारायचा, "ताई, भैय्या नै दिखते आजकल?" ती दुसऱ्या गल्लीतून भाजी आणू लागली. सकाळी जाग यायची, पाय गच्चीकडं वळायचे आणि जिन्यातच थांबायचे. तिनं इंद्रजीतला फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? त्याचाही आला नाही.

संक्रांतीच्या सुमारास चिकोंडीबाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, "आम्हीही एकदा पाहुण्यांसमोर विहिरीचं उद्घाटन केलं होतं. पाणी आदल्या दिवशी टँकरनं ओतलेलं होतं. त्यामुळं मी फार शहाणपणा शिकवणार नाही. रेडिओ चालू राहील. करार आत्ता नको. तुम्ही तिकडं बारा आणि आम्ही इकडं बारा बायकांना वर्षभर खरोखर निरोप देऊ. आणि बायकांना उलट बोलता आलं पाहिजे. त्या काय सांगतात ते दोन्ही विद्यापीठांनी ऐकायचं. वर्षानं भेटू. पण हे काम त्या दुभाषी मुलीनंच करावं."

अभय सरांनी तो कागद आणून तिच्या टेबलावर ठेवला. "बारा," ते म्हणाले. "पुढं शून्य नको." आणि गेले.

पण बारा बायका हो म्हणायला हव्यात ना? मनस्विनी एसटीत बसली. सिल्लोड, फर्दापूर करत सोयगावला उतरली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. ती घरोघरी गेली. प्रत्येक ओट्यावर तेच सांगायचं – फोन बिघडला नव्हता, मी खोटं बोलले, माफ करा, पुन्हा सुरू करायचंय, याल का? एकीनं पाणी दिलं, एकीनं तोंड फिरवलं. रत्नमालाबाई नाल्यापलीकडून म्हणाल्या, "मनकर्णाबाई काय म्हणती ते बघू." मग सगळ्याच तिच्या मागोमाग निघाल्या. गावात तमाशा फुकटचा असला की कोण घरी बसतंय?

मनकर्णाबाईंच्या अंगणात कापसाचा ढीग होता. त्या शेवटच्या वेचणीतली घाण निवडत बसल्या होत्या. आणि ढिगापलीकडं, गोणीचं तोंड धरून, इंद्रजीत. त्या दिवशी त्याची सुट्टी असेल, हे तिच्या लक्षातच नव्हतं. खरं सांगायचं तर होतं.

तिनं वाकून मनकर्णाबाईंचे पाय धरले. "काकू, माझं चुकलं."

"चुकलं ते चुकलंच." त्यांनी कापूस खाली ठेवला. "लई वाईट वाटलं मला. चार दिस जेवण गेलं नाय. पण तितं, त्या एवढ्या मान्सांत, तुला कुणी इचारलं नव्हतं तरी बोललीस. ते बी म्या बघितलं. बस."

ती बसली. बायका गोल करून उभ्या.

"आता मला एक सांग, आन् खरं सांग. एकट्या माझ्याच फोनवर रोज पहाटं उठून बोलायचीस. ते माझ्यासाठी का ह्याच्यासाठी?"

गोणी हलायची थांबली.

मनस्विनीचं तोंड कानापर्यंत लाल झालं. इतक्या बायका, वर तो समोर, आणि तिनं तर आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं! सभागृह बरं म्हणायची वेळ आली.

"पहिले काही दिवस… लाजेपायी काकू. माझं खोटं झाकायला. मग तुमच्यासाठी. आणि मग… मग कपाशीला काय झालंय ते मैत्रिणीकडून कळायचं मला, तरी मी ह्यांनाच फोन करायचे. कपाशी बरी असली तरी करायचे. नुसता आवाज ऐकायला. निरोपापुरतं नव्हतं ते. कधीच नव्हतं. त्या दिवशी दारात मला सांगता आलं नाही."

"अगो बया!" रत्नमालाबाईंनी गालावर बोट ठेवलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. मनस्विनीनं ओंजळीत तोंड लपवलं.

"आरं ए," मनकर्णाबाई ओरडल्या, "पोरगी एवढ्या बायांसमोर बोलली, आन् तू काय तोंडात मूग धरून बसलास?"

इंद्रजीत उठला. अंगाला सगळीकडं कापूस चिकटलेला. तो तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन उकिडवा बसला.

"राग हाय अजून," तो म्हणाला.

"असू दे," ती ओंजळीतूनच म्हणाली.

"लई हाय. इतक्यात जायचा नाय."

"बरं."

"पण तुम्ही निघून गेलात… तर तो काढू कुणावर?"

तिनं हात खाली घेतले. तो हसत नव्हता, पण हसू आवरत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. तिच्याही गालावरून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला त्यानं जो हात पुढं केला त्यालाही कापूस चिकटला होता.

"इंद्रजीत," ती म्हणाली, "मला तुम्ही आवडता. फार आवडता. हे एवढं तरी खरं माना."

"मानलं," तो म्हणाला. "पहिलं हेच सांगायचं व्हतं की वो."

"आता बाराही फोनांवर निरोप येऊ दे," म्हणत मनकर्णाबाईंनी चुलीकडं बघून चहा टाकायला हाक दिली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, शहराची शेवटची एसटी निघाली. मनस्विनी गडबडीनं उठायला लागली, पण बायकांनी तिला उठू दिलं नाही.